महालातल्या स्टुडिओचं जुनं सामान मिळतंय: फिल्म कॅमेरे आणि डार्करूम, काय पाहून घ्यावं?

धरमपेठी

नमस्कार मंडळी. महालात एक जुना स्टुडिओ बंद होऊन राहिला आहे. मालक थकले, मुलगा बंगळुरूला, तो काही परत येत नाही. ओळखीतून आत जायला मिळालं आणि बघतच राहिलो. यशिका मॅट १२४जी, हेलिओस लेन्ससकट झेनिट-ई, एक आग्फा क्लिक थ्री, मेओप्टाचा ओपेमस एनलार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायचं यंत्र), त्याच्या दोन लेन्स, ट्रे, लाल दिवा, ग्लेझिंगच्या चकचकीत पाट्या आणि इंदू ब्रोमाइड कागदाचे सीलबंद डबे. सुटं द्यायला ते तयार नाहीत. "न्यायचं तर सगळं ने," असं म्हणतात. भाव इथे लिहीत नाही, तुमच्यापैकीच कोणीतरी मधे उचलेल. :)

सध्या मावसभावाच्या पेंटॅक्स के१००० वर फोटो काढतो आणि रोल कुरिअरने मुंबईला धुवायला पाठवतो. रोलचा खर्च, धुलाई, स्कॅनिंग आणि कुरिअर धरलं तर एकेक फ्रेम काढताना हात थरथरतो. घरीच धुवावं असं मनात आहे. प्रश्न दोन. या सामानात काय तपासून घेऊ? आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात हे घरी जमतं का?

वर्धारोड

पत्ता टाका, निघालोच.

लीफशटर

कॅमेरे आधी. जाताना एक चांगला टॉर्च, ट्रेसिंग पेपरचा तुकडा आणि सेलोटेप घेऊन जा.

यशिका १२४जी हा त्या ढिगातला खरा माल. दोन लेन्सचा कॅमेरा, वरची बघायला, खालची फोटोला. १२० च्या रोलवर ६×६ च्या बारा फ्रेम, ८० मिमी एफ/३.५ ची लेन्स, शटर एक सेकंदापासून १/५०० पर्यंत. सगळं यांत्रिक आहे, बॅटरी फक्त मीटरला लागते. पहिलं काम म्हणजे शटर १ सेकंदावर लावून कान देणे. घरघर एकसारखी चालली आणि सेकंदाने बंद झाली तर आत बरं आहे. मधेच अडकत असेल, किंवा पाती उघडून तशीच राहत असतील, तर ग्रीस आटलंय. हे दुरुस्त होतं, पण तो खर्च भावातून वजा करायचा. १/१२५ वर "खट्" आवाज आला म्हणून कॅमेरा चांगला, असं समजू नका. वेगवान स्पीड शेवटी मरतात, सावकाश स्पीड आधी मरतात.

मग शटर बी वर (बटण दाबून धरलं तोवर उघडं राहतं) उघडं ठेवून लेन्समधून आरपार टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. थोडी असेल तर साफ होते, पण काचेच्या कोटिंगमध्ये खोल गेली असेल तर डाग कायमचा. आपल्याकडे आठ महिने हवा कोरडी असल्यामुळे बुरशी कोकणाइतकी नसते. तरी चामड्याच्या केसमध्ये बंद करून कपाटात ठेवलेला कॅमेरा तीन-चार पावसाळ्यांत ओलावा धरतोच.

आता ट्रेसिंग पेपर. मागचं दार उघडून फिल्म जिथे बसते त्या पट्ट्यांवर तो ताणून चिकटवा, शटर बी वर उघडा, समोर दूरचा दिवा धरा. वरच्या काचेत फोकस नेमका असताना खालच्या लेन्सचं चित्र कागदावर तितकंच नेमकं दिसलं पाहिजे. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात हे बिघडलेलं असतं आणि पहिला रोल धुवून येईपर्यंत कळत नाही.

मीटर चालत नसेल तर त्यावर भाव पाडून मागा, पण घेणं टाळू नका. १२४जी ला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो बंद झाला. कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. त्याला बारकं वॉशर घालून बसवला की मीटर जवळपास बरोबर दाखवतो. धंतोलीत कानाच्या मशिनच्या दुकानात मिळेल. साधा अल्कलाइन सेल घालू नका. तो दीड व्होल्टवर सुरू होतो आणि घसरत जातो, म्हणजे मीटरची चूकही रोज वेगळी.

झेनिट-ई चं मीटर सेलेनियमचं. बॅटरी नाही, उजेडावर चालतं आणि पन्नास वर्षांत बहुतेकांचं मेलेलं असतं. त्याला काही किंमत देऊ नका. हेलिओस ४४-२ ला मात्र द्या. ५८ मिमी, एफ/२, एम४२ चा आटा, ॲडॅप्टर लावून आजच्या मिररलेसवरही चालते. झेनिटच्या शटरचे पडदे कापडाचे आहेत. लेन्स काढून, मागचं दार उघडून, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर प्रत्येक फ्रेमवर पांढरे ठिपके येतील.

आणि कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फटाइमरला हात लावायचा नाही. मधेच अडकला तर शटरही घेऊन बसतो.

वर्धारोड

आणि क्लिक थ्री? आमच्या घरी होता तो. लहानपणीचे सगळे फोटो त्याचेच, सगळ्यांचे डोळे बारीक.

लीफशटर

डोळे बारीक कारण "सूर्य पाठीशी ठेवा" ही शिकवण. :)

क्लिक थ्री बडोद्याला बनायचा. लेन्स साधी, शटर एकच, साधारण १/३० चं. १२० रोल आजही मिळतो, त्यामुळे कॅमेरा चालेल. पण आयएसओ ४०० घालून मे महिन्यात फुटाळ्यावर जाऊ नका. भर उन्हात चार-साडेचार स्टॉप जास्त उजेड जाईल, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. १०० ची फिल्म घाला, सावलीत किंवा पाच वाजल्यानंतर काढा. याचे पैसे वेगळे लावले असतील तर सोडून द्या.

हायपोकाका

धरमपेठी भाऊ, मी महालातच काम केलं. स्टुडिओ दुसरा, पण गल्ल्या त्याच. कॅमेऱ्याचं लीफशटरनं बरोबर सांगितलं. मी एनलार्जरचं सांगतो, कारण कॅमेरा आजही सतरा जागी मिळते, चांगला एनलार्जर मिळत नाही. डिजिटल आलं तेव्हा आमच्या लाइनीतल्या लोकांनी एनलार्जर इतवारीत भंगारात किलोच्या भावानं घातले. जुना हायपोही (डेव्हलपरनंतर फोटो पक्का करायचं द्रावण) चांदी काढणारे कॅनमधे भरून घेऊन जायचे. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते ना. त्याचे पैसे कधीकधी दिवसभराच्या पासपोर्ट फोटोपेक्षा जास्त व्हायचे.

ओपेमस चेकोस्लोव्हाकियाचा, मजबूत. पाहायचं काय?

दोन लेन्स आहेत म्हणतो, तर त्यातली एक ५० मिमी आणि एक ७५ किंवा ८० मिमी पाहिजे. पस्तीसच्या फिल्मला पन्नास, सहा बाय सहाला पंचाहत्तर-ऐंशी. दोन्ही पन्नासच्या असल्या तर यशिकाच्या निगेटिव्हचे कोपरे प्रिंटवर फिके पडतील. मग लेन्स वेगळी शोध. आटा बहुतेक ३९ मिमीचा असते, मिळून जाईल.

निगेटिव्ह ठेवायचा कॅरिअर आहे का ते पाहा. पस्तीसचा आणि सहा बाय सहाचा वेगळा. लोक सगळं जपतात अन् हाच हरवतात. त्याच्याविना एनलार्जर म्हणजे नुसता टेबललॅम्प.

कंडेन्सरच्या, म्हणजे बल्बचा उजेड निगेटिव्हवर एकवटणाऱ्या काचा काढून पाहा, कोपरे उडाले आहेत का. दांड्यावर डोकं वरखाली करून सोड. आपोआप घसरत असेल तर फोकस टिकत नाही. बेसबोर्डावर चौकोन पाडून चारही बाजू स्केलनी मोज. सारख्या नसतील तर डोकं वाकडं झालं आहे, ते सरळ करता येते.

इंदूचे डबे. पोट्ट्या, ते कागद चालणार नाहीत. इंदू म्हणजे ऊटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स, १९६० ची सरकारी कंपनी. कागद चांगला होता, आम्ही आयुष्यभर त्याच्यावरच छापलं. पण ती बंद होऊन जमाना झाला, अन् कागद महालातल्या पत्र्याखाली इतके उन्हाळे पडून राहिला आहे. धुकं चढलंच असणार, म्हणजे उजेड न लागताच कागद करडा. पाहायचं असेल तर लाल दिव्यात एक पट्टी काढ, उजेड न दाखवता अर्धी डेव्हलपरमधे (चित्र उमटवणारं द्रावण) टाक, मग पूर्ण पट्टी हायपोत. दोन्ही अर्धे सारखे पांढरे निघाले तर नशीब. करडा निघाला तर शिकायला वापर. डेव्हलपरमधे थोडं बेन्झोट्रायझोल टाकलं तर धुकं कमी होते, पण कागदाचा वेगही उतरते.

ग्लेझिंगच्या पाट्या ने. आजच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला लागत नाहीत, पण फायबर कागद कधी छापलास तर तशी चमक दुसरी कशानं येत नाही. ओरखडा असला तर नको, तो प्रत्येक प्रिंटवर येते.

मुळामुठा

सगळं वाचलं, छान आहे. पण स्पष्ट विचारतो: एनलार्जर कशाला? निगेटिव्ह घरी धुवा, मिररलेस आणि मॅक्रो लेन्सने स्कॅन करा, झालं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये डार्करूम म्हणजे घरच्यांशी भांडण. कागदाच्या पाकिटाचे भाव पाहिलेत का?

हायपोकाका

पाहिले. निगेटिव्ह पडद्यावर पाहायचं तर फोनवर फोटो काढ ना मग, रोल काऊन जाळायचा?

सदरची_सई

काका, रागावू नका. :) मुळामुठांचं अर्धं बरोबर आहे. मी दोन्ही करते. धुणं आणि छापणं ही दोन वेगळी कामं आहेत. धुण्याला डार्करूम लागत नाही. अंधारात रोल भरायची काळी पिशवी, फिल्म धुवायची झाकणाची टाकी, थर्मामीटर आणि स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. पैसे वाचतात ते तिथेच. छापणं हा शौक आहे, त्यात काही वाचत नाही. पण एनलार्जर आज लॉटमध्ये आला तर येईल, नंतर एकटा शोधायला गेलात तर वाहतुकीतच जीव जाईल. म्हणून घ्या, छापा दिवाळीनंतर.

आता उन्हाळा. मला इथे बाहेरची पुस्तकं, व्हिडिओ सगळे निरुपयोगी वाटतात, कारण सगळ्यांचं पाणी २० अंशांवर असतं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी तीस-पस्तीस, आणि छतावरच्या टाकीतलं दुपारी चाळिशीच्या घरात. यावर लोक बर्फ घेऊन बसतात. बर्फाने डेव्हलपर २० वर आणतात, मग नळाच्या पाण्याने धुतात आणि जिलेटिनला झटका बसून फिल्मवर बारीक सुरकुत्या येतात. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी या सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं असणं हे २० अंश गाठण्यापेक्षा महत्त्वाचं.

म्हणून मी मे महिन्यात माठाचं पाणी वापरते. हवा कोरडी असल्यामुळे माठ छान गार होतो, माझ्याकडे २४-२५ असतं. सगळ्या बाटल्या आदल्या रात्री त्याच पाण्याच्या टपात ठेवायच्या आणि वेळ कमी करायची. इल्फर्ड एचपी५ प्लस या काळ्यापांढऱ्या फिल्मला डी-७६ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटं, २४ वर ती सव्वापाचच्या आसपास येते. पाच मिनिटांच्या खाली गेलं की आकाशात पट्टे पडायला लागतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर एकास एक पातळ करा. २० वर अकरा मिनिटं, २४ वर पावणेआठ. हाताशी वेळ राहते आणि डेव्हलपर एकदा वापरून फेकायचा, म्हणजे तो उकाड्यात खराब झाला का ही चिंता नाही.

पाणी कमी असेल तर धुण्याचीही युक्ती आहे. हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेल्या हायपोनंतर धुण्याची टाकी भरून पाच वेळा उलटीपालटी, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा, ओता. पुन्हा भरा, वीस वेळा. इल्फर्डचीच पद्धत आहे, नळ अर्धा तास सोडायची गरज नाही. शेवटचं पाणी मात्र बॅटरीचं घ्या, म्हणजे डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचा थेंब, म्हणजे पाणी थेंब न धरता ओघळतं. आपल्या बोअरच्या पाण्याचे डाग फिल्मवर वाळले की जात नाहीत. आणि वाळत घालताना कूलरसमोर नाही! खसची काडी आणि धूळ दोन्ही चिकटते. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून धूळ बसू द्या, मग टांगा, दार बंद.

आता गंमत. रंगीत फिल्मची सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर होते, डेव्हलपर सव्वातीन मिनिटं. थंड गावातले लोक त्यासाठी हीटर विकत घेतात. आपल्याकडे मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी बादलीत घ्या, एकदोन अंश इकडेतिकडे करा, बाटल्या बुडवून ठेवा. तापमान अर्ध्या अंशाच्या आत लागतं, म्हणून थर्मामीटर चांगला हवा, पण पाणी तापवायचं काम महानगरपालिका आणि सूर्य मिळून करतात. माझा हिशेब ठरलेला: एप्रिल-मे-जून शक्यतो रंगीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी काळंपांढरं आणि प्रिंटिंग. डिसेंबरात तर नळाचं पाणी कधीकधी २० च्या खाली असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मी काळी पिशवी टाळते. हाताला घाम, फिल्म रिळात चिकटते आणि अंधारात काही दिसत नाही. रात्री खिडक्या झाकून बाथरूममध्येच भरते.

वर्धारोड

"महानगरपालिका आणि सूर्य मिळून." हे फ्रेम करून लावतो.

धरमपेठी

सईताई, हे कुठेच वाचलं नव्हतं. मला मारबतीची मिरवणूक काढायची आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. आभाळ असतं, गर्दी हलती. एचपी५ पुरेल का, आणि तेव्हा धुवायचं कसं?

सदरची_सई

एचपी५ ४०० वरच ठेवा, आभाळ फारच भरलं तर संपूर्ण रोल ८०० धरून काढा आणि धुण्याची वेळ त्याप्रमाणे वाढवा. एका रोलमध्ये अर्धे ४०० वर, अर्धे ८०० वर करू नका. तेव्हा पाणी २६-२७ असेल. घाई नसेल तर रोल हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, दिवाळीपर्यंत. घाई असेल तर फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या टपात घालून सगळं २४ ला आणा. फ्रिजमधून काढलेला रोल लगेच उघडायचा नाही, तासभर तसाच राहू द्या, नाहीतर दव धरतो.

कॉलेजातला_रसायनवाला

डी-७६ विकत घ्यायची गरज नाही. सूत्र १९२७ पासूनचं आहे, सगळ्यांना माहीत आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे चारही मिळतात. काटा ज्वेलरीचा घ्या, इतवारीत सराफ्याजवळ स्वस्त मिळतो, दशांश ग्रॅम दाखवणारा.

क्रम चुकवू नका. पन्नासएक अंशांच्या पाऊण लिटर पाण्यात आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल. ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, मग बोरॅक्स, शेवटी पाणी घालून लिटर. सल्फाइट आधी सगळं घातलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. चिमूटभर आधी घालायची ती मेटॉलचं ऑक्सिडेशन थांबवायला.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, लिटरला २४०-२५० ग्रॅम. हे खडे विरघळताना उष्णता शोषतात, द्रावण चांगलंच गार पडतं. उन्हाळ्यात हायपो त्याच दिवशी बनवलात तर बर्फाचं अर्धं काम तोच करतो. हायपो संपला का हे कळायला फिल्मच्या जिभेचा, म्हणजे रोलच्या सुरुवातीच्या टोकाचा तुकडा त्यात टाका. किती वेळात पारदर्शक होतो ते बघा, त्याच्या दुप्पट वेळ खरी फिल्म ठेवा. तुकड्याला ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागायला लागला की नवा करा.

आता न आवडणारा भाग. मेटॉलने काहींच्या हातावर पुरळ येतं आणि एकदा आलं की पुढे थेंबानेही येतं. हातमोजे घाला. पावडर मोजताना पंखा बंद, तोंडाला मास्क. डबे स्वयंपाकघरात ठेवू नका, सल्फाइट मिठासारखंच दिसतं. वापरलेला हायपो बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका. भांड्यात स्टीलवूल टाकून दोनेक दिवस ठेवा, लोखंड विरघळतं आणि चांदी खाली बसते.

हायपोकाका

आम्ही आयुष्यभर उघड्या हातानं केलं, नखं तपकिरी होऊन राहायची. पण हा बरोबर सांगून राहिला, मोजे घाल. आमच्या एका सोबत्याचे हात इतके फुटले की त्याला डार्करूम सोडून काउंटरवर बसावं लागलं.

धरमपेठी

काल पुन्हा जाऊन आलो. अहवाल:

यशिकाचा १ सेकंद अडीच सेकंद चालतो, १/३० पासून पुढे कानाला ठीक. लेन्स स्वच्छ, खालच्या लेन्सच्या कडेला एक बारीक धागा. ट्रेसिंग पेपरवर फोकस जुळला. मीटरची सुई हलत नाही, सेलच्या खोबणीत हिरवं साचलंय. झेनिटचे पडदे शाबूत, मीटर मेलेलं. एनलार्जरच्या लेन्स ५० आणि ७५. कॅरिअर फक्त सहा बाय सहाचा सापडला. डोकं घसरत नाही. बल्ब उडालेला. कागदाचा डबा मालकांनी लाल दिव्यात उघडू दिला, काकांची पट्टी केली: अर्धी राखाडी.

लीफशटर

घ्या. हिरवं व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा, बहुतेक वेळा मीटर जिवंत होतं. सावकाश स्पीडसाठी शटर उघडून साफ करावं लागेल, तोवर १/३० च्या वरच काढा. मागच्या दाराचा फोम चिकट झाला असेल, तोही पाहा. काळा काळा चिखल निघतो. स्पिरिटने काढून नवीन फोमच्या पट्ट्या लावा, नाहीतर फ्रेमच्या कडेला लाल-पिवळे उजेडाचे पट्टे.

भाव करताना कागद शून्य, क्लिक थ्री शून्य, झेनिटमध्ये फक्त लेन्स धरा, यशिकातून एका सर्व्हिसिंगचे पैसे वजा.

हायपोकाका

पस्तीसचा कॅरिअर नसला तर अडत नाही. दोन काळ्या पुठ्ठ्यांना २४ बाय ३६ चा चौकोन कापून मधे निगेटिव्ह दाब. आम्ही लग्नाच्या सीझनमधे असंच चालवायचो. बल्बाला दुधी काचेचाच पाहिजे, वर छापील अक्षरं नको. ती कागदावर उतरतात.

भाव करताना म्हाताऱ्याला फार पिळू नको.

मुळामुठा

बल्बऐवजी एलईडी चालेल का? दुधी एनलार्जर बल्ब तर आता शोधूनही मिळत नाही.

सदरची_सई

चालतो. दुधी गोल एलईडी घ्या, ज्याचा वरचा भाग एकसारखा उजळतो. बंद केल्यावर काही एलईडी क्षणभर मंद जळत राहतात, तसला नको, कागद तेवढ्यानेही काळवंडतो. मल्टिग्रेड कागदाचा (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणारा) कॉन्ट्रास्ट निळ्या-हिरव्या उजेडावर ठरतो, त्यामुळे फिल्टरचे आकडे पुस्तकातल्यासारखे येणार नाहीत. टेस्ट स्ट्रिप काढून आपले आपण ठरवायचे. एक फायदा मात्र आहे. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि जुन्या बल्बचा उजेड बदलतो, पहिली प्रिंट दहा सेकंदांची आणि दुसरी त्याच दहा सेकंदांत फिकट. बऱ्यापैकी ड्रायव्हरच्या एलईडीला त्याचा फरक पडत नाही.

धरमपेठी

ठरलं, रविवारी आणतो. मालकांनी भाव सांगितला त्यात मी एकच अट घातली, येऊन एकदा एनलार्जर लावून द्यायचा. लगेच हो म्हणाले. महाल ते धरमपेठ एनलार्जर नेऊ कसा?

हायपोकाका

ऑटोत मांडीवर नको घेऊ. डोकं दांड्यावरून उतरवून वेगळं बांध, कंडेन्सरच्या काचा काढून टॉवेलमधे गुंडाळ, लेन्सा खिशात. दांडा बेसबोर्डापासून सोडव, बोल्ट असतात. बोल्ट त्याच भोकांत परत लावून ठेव, पिशवीत टाकशील तर हरवशील.

वर्धारोड

माझी व्हॅन रविवारी मोकळी आहे. तर्री पोह्यावर काम होईल. झेनिट मात्र एक दिवस मला वापरायला द्यायचा.